व्होल्टेज चढवण्याचा इतिहास : खोपोलीच्या वीजघरापासून खालापूरच्या टोलनाक्यापर्यंत

चार्ज पंप हे कमी डीसी व्होल्टेजपासून जास्त डीसी व्होल्टेज, किंवा धनापासून ऋण व्होल्टेज, तयार करणारे सर्किट आहे. त्यात तारेची गुंडाळी नसते आणि लोखंडी गाभाही नसतो. काही कपॅसिटर, ते आळीपाळीने जोडणारे-तोडणारे स्विच आणि त्यांना ताल देणारा क्लॉक एवढ्यावर त्याचे काम भागते. मेमरी चिपमध्ये माहिती लिहायला आणि पुसायला लागणारे चढे व्होल्टेज याच सर्किटातून मिळते. मोबाइलच्या पडद्याला लागणारी वेगवेगळी व्होल्टेजेसही बहुधा तिथूनच येतात.

शोधनिबंधात छापलेला चार्ज पंप संगणकावर पुन्हा उभा करणे हा इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांचा आज नेहमीचा अभ्यास झाला आहे. निबंधात आकृती पूर्ण असते, पण घटकांच्या किमती अर्ध्याच दिलेल्या असतात. कपॅसिटर किती पिकोफॅरडचा, ट्रान्झिस्टर किती रुंद, थ्रेशोल्ड व्होल्टेज किती, यातले बरेचसे लेखकाने गृहीत धरलेले असते, कारण त्या वर्षी त्या क्षेत्रात काम करणाऱ्या वाचकाला ते ठाऊकच असे. तीस-चाळीस वर्षांनंतरच्या वाचकाला ते ठाऊक नसते. म्हणून घटक निवडण्याचे हे काम मोठ्या अंशी इतिहासाचे काम आहे. निबंध ज्या काळात लिहिला गेला तो काळ मॉडेलमध्ये आणल्याशिवाय निबंधातले आकडे जुळत नाहीत.

व्होल्टेज चढवण्याची गरज चिपच्या कितीतरी आधीची आहे, आणि त्या इतिहासाचा एक टप्पा रायगड जिल्ह्यात नेरळच्या आसपास घडला. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० साली स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथल्या तलावांचे पाणी सुमारे अर्धा किलोमीटर खाली खोपोलीत आणून तिथले वीजघर १९१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. वीज लागत होती मुंबईच्या कापड गिरण्यांना, आणि ती तयार होत होती घाटाच्या पायथ्याशी. एवढ्या अंतरावर कमी व्होल्टेजने वीज पाठवली तर प्रवाह फार मोठा होतो आणि बरीचशी शक्ती तारांमध्येच उष्णता होऊन जाते. तारांतली ही हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज दसपट केले तर त्याच तारेत हानी शंभराव्या हिश्श्यावर येते. म्हणून खोपोलीची वीज ट्रान्सफॉर्मरने सुमारे एक लाख व्होल्टपर्यंत चढवून परळला नेली आणि तिथे पुन्हा उतरवून गिरण्यांना दिली. आंध्रा खोऱ्यातल्या ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावरचे भिवपुरीचे वीजघर १९२२ मध्ये चालू झाले. टर्बाइन फिरवून बाहेर पडणाऱ्या त्या पाण्यावर राजनाल्याच्या आधाराने कर्जत तालुक्यात उन्हाळी भातही पिकू लागले.

ट्रान्सफॉर्मरचे हे तंत्र एका अटीवर चालते. वीज एसी असली पाहिजे, कारण गुंडाळीतले चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तरच दुसऱ्या गुंडाळीत व्होल्टेज उमटते. डीसीला ट्रान्सफॉर्मर लागू पडत नाही. नेरळवरून जाणाऱ्या लोहमार्गाने हा फरक अनेक दशके अनुभवला. कल्याण ते पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९३० च्या सुमारास पूर्ण झाले, तेव्हा त्यासाठी १,५०० व्होल्ट डीसी निवडण्यात आले. त्या काळी डीसी मोटारींचा वेग ताब्यात ठेवणे सोपे होते, हे त्यामागचे कारण. पण मार्गातल्या मार्गात व्होल्टेज चढवता येत नसल्याने थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन उभारावी लागली आणि गाडीच्या माथ्यावरची तार जाड ठेवावी लागली. पुढे हा मार्ग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसीवर गेला. डीसी आहे तसे ठेवून ते चढवायचे कसे, या प्रश्नाला रेल्वेने दिलेले उत्तर इतकेच होते की चढवू नये.

ट्रान्सफॉर्मरशिवाय जास्त डीसी व्होल्टेज मिळवण्याची एक रीत मात्र खोपोलीचे वीजघर सुरू होण्याच्या एक वर्ष आधी प्रसिद्ध झाली होती. हाइनरिक ग्राइनाखर या भौतिकशास्त्रज्ञाला आपल्या आयनोमीटर या उपकरणासाठी दोनशे ते तीनशे व्होल्ट डीसी हवे होते आणि झुरिकच्या वीजपुरवठ्यात मिळत होते ११० व्होल्ट एसी. दोन कपॅसिटर आणि एका दिशेनेच प्रवाह जाऊ देणारे दोन रेक्टिफायर अशा रीतीने जोडायचे की एसीच्या एका अर्धचक्रात पहिला कपॅसिटर भरेल आणि दुसऱ्या अर्धचक्रात त्याच्यात साठलेले व्होल्टेज पुरवठ्याच्या व्होल्टेजवर चढून दुसऱ्यात उतरेल. हे व्होल्टेज दुप्पट करणारे सर्किट त्याने १९१४ मध्ये मांडले. काही वर्षांनी असेच टप्पे एकावर एक रचून हवे तितके व्होल्टेज मिळवता येते, हेही त्याने दाखवले. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी याच रचनेतून लाखो व्होल्ट उभे केले आणि १९३२ मध्ये वेगवान प्रोटॉनच्या माऱ्याने लिथियमचे अणुकेंद्र फोडले. त्यासाठी दोघांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही याच प्रकारचा कॅस्केड जनरेटर होता. गिरण्यांसाठी वीज चढवण्याचे आणि अणुकेंद्रांसाठी व्होल्टेज चढवण्याचे, असे दोन्ही मार्ग मग एकाच शहराच्या परिसरात वापरात आले.

कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन रचना चिपवर मात्र चालली नाही. तिच्यात कपॅसिटर एकामागे एक ओळीने जोडलेले असतात, म्हणून टप्पे वाढतात तसा वरच्या टप्प्यापर्यंत पोचणारा धक्का क्षीण होत जातो. प्रयोगशाळेतले कपॅसिटर मोठे असतात. जोडणीतल्या आगंतुक, म्हणजे पॅरासिटिक, कपॅसिटन्सचा त्यांच्यापुढे टिकाव लागत नाही. सिलिकॉनवर परिस्थिती उलट असते. तिथे कपॅसिटरच काही पिकोफॅरडचा, आणि प्रत्येक नोडपासून खालच्या सबस्ट्रेटपर्यंतचा पॅरासिटिक कपॅसिटन्स त्याच्या जवळपास जाणारा. टप्पे वाढवले तरी व्होल्टेज वाढत नाही, अशी अवस्था लवकरच येते.

ही अडचण जॉन डिक्सन यांनी १९७६ च्या जूनमध्ये आयईईईच्या सॉलिड-स्टेट सर्किट्सच्या नियतकालिकात छापलेल्या निबंधात सोडवली. आज चार्ज पंप म्हटल्यावर जी आकृती डोळ्यांपुढे येते ती याच निबंधातून आलेली आहे. डिक्सन यांनी कपॅसिटर ओळीने न जोडता प्रत्येक नोडला आपापला कपॅसिटर दिला आणि त्यांची दुसरी टोके एकाआड एक अशा दोन विरुद्ध क्लॉकना थेट जोडली. विहिरीवरच्या रहाटात प्रत्येक गाडगे चाकाचीच ओढ घेऊन वर येते, खालच्या गाडग्याच्या जोरावर नाही. इथेही प्रत्येक टप्प्याला क्लॉकचा पूर्ण धक्का मिळतो, मग टप्पा पहिला असो की दहावा.

या रचनेचे समीकरण डिक्सन यांनी दिले आणि घटक निवडण्याचे सगळे शहाणपण त्यात आहे. प्रत्येक टप्प्यावर व्होल्टेजची भर पडते ती क्लॉकच्या उंचीइतकी, पण नोडवरच्या पॅरासिटिक कपॅसिटन्सच्या प्रमाणात कमी झालेली. त्या भरीतून दोन गोष्टी वजा होतात. एक म्हणजे डायोडवर, किंवा डायोडसारख्या जोडलेल्या ट्रान्झिस्टरवर, पडणारे व्होल्टेज. दुसरी म्हणजे लोडच्या प्रवाहाला नोडवरच्या एकूण कपॅसिटन्सने आणि क्लॉकच्या वारंवारतेने भागून येणारी घट. या शेवटच्या भागामुळे पंपाला जणू एक आउटपुट रेझिस्टन्स असतो. टप्प्यांच्या संख्येला कपॅसिटन्स आणि वारंवारता यांच्या गुणाकाराने भागले की त्याची किंमत मिळते.

डिक्सन यांच्या सारांशात पुढील आकडे आहेत : पी-चॅनेल एमएनओएस तंत्र, +५ आणि −१२ व्होल्टचा पुरवठा, चिपवरच तयार होणारे ४० व्होल्ट, १ मेगाहर्ट्झ क्लॉक, सुमारे १० मायक्रोअँपिअर कमाल प्रवाह, ३.२ मेगाओहम आउटपुट रेझिस्टन्स आणि ६०० बाय २४० मायक्रोमीटर जागा. एवढ्यावरून कपॅसिटर शोधता येतो. आउटपुट रेझिस्टन्सच्या सूत्रात टप्पे सात धरले तर प्रत्येक नोडवर सुमारे २.२ पिकोफॅरड येतात, दहा धरले तर ३.१. कोणता अंदाज अधिक पटण्यासारखा आहे हे जागेवरून तपासता येते. त्या काळात गेट ऑक्साइडची जाडी साधारण ०.१ मायक्रोमीटर असे, म्हणजे एका चौरस मायक्रोमीटरमागे सुमारे ०.३५ फेम्टोफॅरड. या हिशेबाने २.२ पिकोफॅरडचे सात कपॅसिटर उपलब्ध जागेच्या एक तृतीयांशापेक्षा कमी जागा घेतात, तर ३.१ पिकोफॅरडचे दहा कपॅसिटर सुमारे साठ टक्के जागा व्यापतात. ट्रान्झिस्टर, क्लॉकच्या वाहिन्या आणि मोकळे अंतर यांना जागा लागतेच, तेव्हा सात टप्प्यांचा अंदाज अधिक सैल बसतो. हा पुरावा नव्हे, पण सिम्युलेशन सुरू करायला असा आधार पुरतो.

त्याच आकड्यांत एक सापळाही आहे. ३.२ मेगाओहममधून १० मायक्रोअँपिअर घेतले की ३२ व्होल्ट पडतात. म्हणून ४० व्होल्ट आणि १० मायक्रोअँपिअर हे दोन आकडे एकाच वेळी मिळायचे असतील, तर लोड नसताना व्होल्टेज ७२ पर्यंत जायला हवे. सारांशातले दोन आकडे एकाच क्षणाचे आहेत असे समजून लोड लावणाऱ्याचे सिम्युलेशन चुकलेले दिसते आणि तो मग नसलेला दोष ट्रान्झिस्टरमध्ये शोधत बसतो. मोजमापे कोणत्या लोडवर घेतली, हे घटकांच्या किमतींच्या आधी ठरवावे लागते. शिवाय +५ आणि −१२ मिळून इथे १७ व्होल्टचा पल्ला होता. आजच्या १.८ व्होल्टच्या क्लॉकवर डिक्सनची आकृती जशीच्या तशी चढवून ४० व्होल्टची वाट पाहणे म्हणजे १९७६ चे आकडे आजच्या चिपकडे मागणे होय.

डिक्सननंतर चार्ज पंप दोन वाटांनी पसरला. एक वाट बाजारात मिळणाऱ्या सुट्या आयसींची. इंटरसिलच्या आयसीएल ७६६० ने दोन बाहेरच्या १० मायक्रोफॅरड कपॅसिटरांच्या मदतीने +५ चे −५ व्होल्ट करून दिले. मॅक्सिमच्या मॅक्स २३२ ने एकट्या ५ व्होल्टवर संगणकाच्या सीरियल पोर्टला लागणारे धन आणि ऋण दोन्ही व्होल्टेज पुरवले. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मायक्रोकंट्रोलरचा प्रोजेक्ट करणाऱ्या मुंबई-ठाणे-रायगडच्या विद्यार्थ्यांनी मॅक्स २३२ आणि त्याच्याभोवतीचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर किती घेतले असतील याला गणती नाही. त्यातल्या बहुतेकांनी चार्ज पंप असा, नाव न घेता, हाताळलेला होता. अशा आयसीचे सिम्युलेशन करताना घटक डेटाशीटमधून घेता येतात. इलेक्ट्रोलिटिकचा अंतर्गत रेझिस्टन्स तेवढा आठवणीने घालावा लागतो, नाहीतर आउटपुटवरचा रिपल खऱ्यापेक्षा फार लहान दिसतो.

दुसरी वाट चिपच्या आतली, आणि शोधनिबंध बहुतेक तिच्यावरचे आहेत. पुरवठ्याचे व्होल्टेज जसे उतरत गेले, तसा डिक्सनच्या डायोडवर पडणारा व्होल्टेजचा हिस्सा असह्य झाला. १७ व्होल्टमधून एक-दोन व्होल्ट गेले तर चालते, १.८ मधून अर्धा-पाऊण गेला तर टप्प्यात फारसे काही उरत नाही. त्यातच वरच्या टप्प्यांवर सोर्स आणि सबस्ट्रेट यांच्यातला व्होल्टेजचा फरक वाढतो, त्यामुळे थ्रेशोल्डही वाढतो. हितासीच्या योशिनोबू नाकागोमे आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये १.५ व्होल्टच्या प्रायोगिक डीरॅमसाठी एकमेकांचे गेट चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरांची जोडी वापरली. फाव्हरा, देव्हाल आणि देक्लेर्क यांनी १९९८ मध्ये त्याच कल्पनेवरचा कार्यक्षम सीमॉस डबलर मांडला. त्याच वर्षी वू आणि चांग यांनी डायोडच्या जागी पुढच्या टप्प्याच्या चढ्या व्होल्टेजने उघडणारे स्विच वापरून थ्रेशोल्डची हानी टाळली. पंप पूर्ण व्होल्टेजला किती वेळात पोचतो याचा हिशेब तानझावा आणि तानाका यांनी १९९७ मध्ये दिला. चढताना पंप स्वतःच्या कपॅसिटरांच्या बेरजेच्या साधारण एक तृतीयांश एवढा जादा भार वागवतो, असे त्यातून निघते. सिम्युलेशन किती मायक्रोसेकंद चालवायचे, हे ठरवायला हा निष्कर्ष फार उपयोगी पडतो. फेज-लॉक्ड लूपमध्येही चार्ज पंप नावाचा एक भाग असतो. त्याचे काम वेगळे, त्याचे निबंधही वेगळे. शोध घेताना ते आधी बाजूला काढावेत.

कागदावरचे सर्किट संगणकावर चालवण्याचे साधनही डिक्सनच्या निबंधाच्याच काळात घडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडर्सन यांच्या मार्गदर्शनाखाली स्पाइस हा प्रोग्राम लिहिला आणि १९७३ मध्ये तो जाहीर झाला. स्पाइस २ १९७५ मध्ये आला. विद्यापीठाने तो जवळजवळ फुकट वाटला, म्हणून जगभरातल्या सिम्युलेटरांनी त्याचीच भाषा उचलली. आजचा एनजीस्पाइस त्याच घराण्यातला आहे.

चार्ज पंपाशी मात्र सुरुवातीच्या स्पाइसचे नीट जमले नाही. ट्रान्झिस्टरच्या गेटचा कपॅसिटन्स मोजण्यासाठी त्यात मेयर यांचे १९७१ चे मॉडेल होते. ते हाताळायला सोपे होते, पण त्यात विद्युत प्रभार जपला जात नसे; प्रत्येक चक्रात हिशेबाच्या फटीतून थोडा प्रभार नाहीसा होई किंवा आपोआप निर्माण होई. अॅम्प्लिफायरमध्ये एवढ्याने बिघडत नाही. ज्या सर्किटाचे सगळे कामच प्रभार मोजून पुढे सरकवणे हे आहे, तिथे हजार चक्रांनंतर चूक डोंगराएवढी होते. वॉर्ड आणि डटन यांनी १९७८ मध्ये प्रभारावरच आधारलेले मॉडेल मांडले आणि पुढच्या बीसिम मॉडेलांनी तोच पाया घेतला. बीसिम ३ ची तिसरी आवृत्ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उद्योगाचे प्रमाण मॉडेल ठरली. चार्ज पंपासाठी जुनी पहिल्या पातळीची मॉडेल वापरू नयेत, हा सल्ला या इतिहासातून येतो आणि तो आजही सर्वांत आधी पाळण्यासारखा आहे.

त्या जुन्या मॉडेलांत आणखी एक धोका आहे. किमती न भरता ट्रान्झिस्टर ठेवला तर स्पाइस त्याचा थ्रेशोल्ड शून्य धरतो आणि सबस्ट्रेटचा परिणामही शून्य धरतो. डायोड रिकामा ठेवला तर त्याचा जंक्शन कपॅसिटन्स शून्य आणि रेझिस्टन्सही शून्य. असा पंप आदर्श समीकरणाच्या जवळपास उत्तर देतो आणि विद्यार्थ्याला वाटते की सर्किट उत्तम चालले. प्रत्यक्षात त्यात सर्किट नसतेच, फक्त समीकरण असते.

नेरळ-कर्जत पट्ट्यात हा विषय आता वर्गात शिकवला जातो. कर्जतचे कोकण ज्ञानपीठ अभियांत्रिकी महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे आणि विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखांत स्पाइसवरचे प्रयोग नेहमीचे आहेत. कारखान्यांचे खरे मॉडेल मिळवणे हे अशा महाविद्यालयांपुढचे जुने कोडे होते, कारण चिप कारखाने आपली माहिती गोपनीयतेच्या कराराशिवाय देत नाहीत. त्यावर तीन वाटा निघाल्या. मोसिस या अमेरिकी सेवेने चाचणीच्या चिपवरून मोजलेल्या किमती बरीच वर्षे खुल्या ठेवल्या, त्यातली ०.१८ मायक्रोमीटरची फाइल भारतातल्या असंख्य प्रोजेक्टांत आढळते. अॅरिझोना स्टेट विद्यापीठाने वेगवेगळ्या पिढ्यांसाठी अंदाजी मॉडेल दिली. आणि २०२० मध्ये गूगल व स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर तंत्राची संपूर्ण माहिती सर्वांसाठी मोकळी केली, त्यात १.८ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरांबरोबर ५ व्होल्ट सोसणारेही आहेत. चार्ज पंपासाठी ही तिसरी वाट विशेष मोलाची, कारण वरच्या टप्प्यांवर १.८ व्होल्टचा ट्रान्झिस्टर ठेवला तर त्याचे ऑक्साइड प्रत्यक्षात फुटू शकते. सिम्युलेटरमध्ये ते फुटत नाही. तिथे ही दक्षता माणसालाच घ्यावी लागते.

पवईच्या आयआयटी मुंबईतल्या फॉसी प्रकल्पाने या कामाला घर दिले. राष्ट्रीय शिक्षण मिशनच्या मदतीने तिथे आधी ओस्कॅड आणि पुढे ईसिम नावाने मोफत साधन तयार झाले; त्यात आकृती काढायला कायकॅड आणि गणित करायला एनजीस्पाइस आहे. प्रसिद्ध झालेली सर्किटे ईसिममध्ये उतरवून तपासणीनंतर सर्वांसाठी खुली करण्याचा उपक्रमही फॉसीने चालवला. महागड्या लायसन्सशिवाय, घरच्या लॅपटॉपवर, निबंधातले सर्किट चालवून पाहता येणे ही खेड्यातल्या विद्यार्थ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

घटक निवडण्याचा क्रम एका उदाहरणातून स्पष्ट होतो. १.८ व्होल्टचा पुरवठा, चार टप्पे, १० मेगाहर्ट्झ क्लॉक आणि १० मायक्रोअँपिअर लोड असा डिक्सन पंप घ्यावा. आदर्श उत्तर पाच पट, म्हणजे ९ व्होल्ट. प्रत्येक टप्प्याला २ पिकोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्या दहा टक्के पॅरासिटिक आणि प्रत्येक डायोडवर ०.५ व्होल्ट धरले, तर समीकरण ४ व्होल्टच्या आसपास उत्तर देते. ९ ते ४ या घसरणीचे हिस्से पाहावेत : अडीच व्होल्ट पाच डायोडांवर जातात, सुमारे १.८ लोडच्या प्रवाहामुळे आणि सुमारे ०.६५ पॅरासिटिकमध्ये. निबंधात ५.५ व्होल्ट छापलेले असतील आणि डायोडच असतील, तर कपॅसिटर मोठा होता किंवा क्लॉक वेगवान होता हे उघड होते. कपॅसिटर दहापट केला तर लोडमुळे होणारी घट ०.१८ व्होल्टवर येते, पॅरासिटिक मात्र त्याच प्रमाणात वाढल्याने तिथले ०.६५ तसेच राहतात. म्हणून कपॅसिटर कोणत्या प्रकारचा, हा प्रश्न किती मोठा या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. धातूच्या दोन थरांमधल्या कपॅसिटरला सबस्ट्रेटकडचा पॅरासिटिक कमी असतो पण जागा जास्त लागते. ट्रान्झिस्टरच्या गेटपासून केलेला कपॅसिटर दाट असतो पण व्होल्टेजप्रमाणे बदलतो. सिम्युलेटरच्या यादीतला आदर्श कपॅसिटर यातले काहीच सांगत नाही, म्हणून पॅरासिटिकचा कपॅसिटर प्रत्येक नोडला हाताने जोडावा लागतो.

त्यानंतर स्विचची रुंदी ठरते : इतकी की अर्ध्या क्लॉकच्या काळात कपॅसिटरमधला पुढे द्यायचा प्रभार पूर्ण सरकावा, आणि इतकी मोठी नाही की स्वतःच पॅरासिटिक होऊन बसावी. शेवटी आउटपुटवरचा कपॅसिटर. निबंधात तो मोठा असतो, कारण खऱ्या चिपला स्थिर व्होल्टेज हवे असते. सिम्युलेशनमध्ये तो तेवढाच ठेवला तर पंप भरायला हजारो चक्रे लागतात. आधी लहान ठेवून स्थिर अवस्था पाहावी, मग खरी किंमत घालून रिपल मोजावा. गणिताची पायरी क्लॉकच्या कडेपेक्षा बारीक ठेवावी, नाहीतर प्रभाराचा जो हिशेब बीसिमने जपला तो सिम्युलेटर पायरीत हरवतो.

डिक्सनची आकृती आज या परिसरात हजारो वाहनांच्या काचेवर चिकटलेली असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या खालापूर टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो. या टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या अँटेनाने पाठवलेल्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींतून टॅगवरच्या चिपला आपली वीज मिळवावी लागते, आणि ती मिळवणारा भाग डिक्सन किंवा ग्राइनाखर पद्धतीचा डायोड-कपॅसिटर पंप असतो. त्यात क्लॉकचे काम लहरच करते. राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाला. या प्रकारच्या चिपचा पायाभूत निबंध कार्थाउस आणि फिशर यांचा आहे. तो २००३ चा. त्यात शॉटकी डायोड वापरून १६.७ मायक्रोवॅट एवढ्या अल्प लहरशक्तीवर चालणारी चिप दाखवली आहे.

हा निबंध सिम्युलेट करताना डायोडची निवड सर्वांत निर्णायक असते. प्रयोगशाळेत सहज सापडणाऱ्या १एन४१४८ चा जंक्शन कपॅसिटन्स ४ पिकोफॅरडपर्यंत जातो, आणि ८६६ मेगाहर्ट्झला तेवढ्या कपॅसिटन्सचा अडथळा ४६ ओहमच उरतो. लहर डायोडला वळसा घालून निघून जाते, रेक्टिफाय होतच नाही. रेडिओ लहरींसाठी बनवलेल्या एचएसएमएस-२८५ मालिकेच्या शॉटकी डायोडमध्ये हाच कपॅसिटन्स ०.१८ पिकोफॅरड असतो आणि अडथळा हजार ओहमच्या पुढे जातो. लहरीचा काळ १.१५ नॅनोसेकंदांचा, म्हणून गणिताची पायरी काही दशांश पिकोसेकंदांपासून फार तर पन्नास पिकोसेकंदांपर्यंत ठेवावी लागते. अँटेनाच्या जागी नुसता व्होल्टेज स्रोत ठेवू नये. त्याच्यामागे अँटेनाचा इम्पीडन्स आणि जुळवणीचे जाळे हवे, नाहीतर पंपाला खऱ्यापेक्षा जास्त शक्ती मिळते.

साठवणीच्या कपॅसिटरचा हिशेब नाक्यावरच्या संवादातून निघतो. नाक्यावरचा अँटेना आपल्या आज्ञा लहर क्षणभर तोडून पाठवतो, आणि त्या खंडांत चिप साठवलेल्या प्रभारावर जगते. चिपचा खर्च २ मायक्रोअँपिअर आणि खंड १२.५ मायक्रोसेकंदांचा धरला, तर २५ पिकोकूलंब लागतात. तेवढ्यात व्होल्टेज ०.१ पेक्षा जास्त उतरू नये, तर कपॅसिटर २५० पिकोफॅरडचा हवा. ०.१८ मायक्रोमीटर तंत्रातल्या गेट कपॅसिटरने ही जागा काढली तर ती साधारण १७० मायक्रोमीटर बाजू असलेल्या चौकोनाएवढी भरते.